उपासनेंतील सूर : जुने आणि नवे

गाणें जुनें असावें कीं नवें, हा प्रश्न केवळ नाटकगृहांतला किंवा मैफलींतला नाहीं. जेथें जेथें माणसें एकत्र बसून देवाचें नांव घेतात, तेथें तेथें तो उभा राहतो. वारकऱ्यांच्या भजनांत सिनेमाची चाल शिरली म्हणजे वृद्ध टाळकरी हात आखडता घेतो. गणपतीच्या आरतीला विजेच्या भोंग्यांची जोड मिळाली म्हणजे घरांतले आजोबा खिडकी लावून घेतात. महाराष्ट्रांतील ख्रिस्ती मंडळ्यांतहि आज हाच वाद चालू आहे, आणि तो इतरांच्या वादापेक्षां थोडा अधिक गुंतागुंतीचा आहे. कारण तेथें 'जुनें' म्हणजे काय, याचेंच उत्तर एक नाहीं. कोणाचें जुनें इंग्लंड-अमेरिकेहून आलेलें आहे, कोणाचें गोमंतकांतून आलेलें आहे, आणि कोणाचें देहू-आळंदीच्या वाटेवरचें आहे.

हा गुंता समजून घेण्यास मावळाइतकें सोयीचें ठिकाण दुसरें नाहीं. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या डोंगरांत इंद्रायणी उगम पावते आणि भातखाचरांच्या कडेकडेनें वाहत देहूस व पुढें आळंदीस जाते. इंदुरीजवळचा भंडाऱ्याचा डोंगर म्हणजे तुकाराम महाराजांच्या एकांताची जागा. या खोऱ्यांतील माणसाला, मग तो कोणत्याहि धर्माचा असो, अभंगाची लय कोणी मुद्दाम शिकवावी लागत नाहीं. कार्तिकीच्या सुमारास आळंदीस निघालेल्या कोंकणच्या दिंड्यांबरोबर ती त्याच्या दारावरून चालत जाते. याच खोऱ्यांत दुसरा एक सूर पश्चिमेकडून आला. बोरघाटांतील २५ बोगद्यांतून वाट काढीत १८६३ सालीं आगगाडी घाट चढली आणि लोणावळें हें रेल्वेचें गांव झालें. रेल्वेचा इंजिनांचा कारखाना, नोकरवर्गाची वसाहत, शाळा, आणि त्यांच्या जोडीला प्रॉटेस्टंट व रोमन कॅथॉलिक अशीं दोन्ही पंथांचीं प्रार्थनामंदिरें यांची नोंद इंग्रजी अमदानींतील गॅझेटियरांत सांपडते. तेथें इंग्रजी स्तोत्रें व लॅटिन प्रार्थना चालत. पुढें नोकरीधंद्याच्या निमित्तानें निरनिराळ्या भागांतून ख्रिस्ती कुटुंबें घाटमाथ्यावर आलीं, तीं आपापलीं गाणीं बरोबर घेऊनच आलीं. एकाच खोऱ्यांत दोन-तीन प्रवाह असे एकत्र वाहूं लागले.

अशा ठिकाणच्या एखाद्या लहानशा मंडळीचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. चाळीस-पन्नास घरांची मंडळी. रविवारची सकाळ. एका बाजूस पेटी, तबला आणि दोन-चार टाळ. बांकांवर 'उपासना-संगीत' या पदसंग्रहाच्या जीर्ण प्रति. दुसऱ्या बाजूस गिटार, विजेवर चालणारा की-बोर्ड, कोठें कोठें ढोलांचा विलायती संच. आणि पुस्तकाऐवजीं भिंतीवरच्या पडद्यावर प्रकाशयंत्रानें उमटणारे शब्द. वृद्धांचें म्हणणें असें कीं, नव्या गाण्यांत गोंगाट फार आणि अर्थ थोडा; एकच ओळ दहा दहा वेळां म्हणावयाची; शब्द इंग्रजीवरून ओढूनताणून आणलेले, नाहीं तर सरळ हिंदी. तरुणांचें म्हणणें असें कीं, जुन्या पदांतील संस्कृत शब्द कळत नाहींत, चाली संथ आहेत, आणि ज्या गाण्यानें मन हलत नाहीं तें केवळ आजोबांनीं गाइलें म्हणून गाण्यांत कसली भक्ति? दोन्हीं बाजूंचें म्हणणें पूर्णपणें खोटें नाहीं, म्हणूनच वाद मिटत नाहीं.

मोठ्या शहरांतील मंडळ्यांनीं यावर एक सोपी तोड काढली आहे : सकाळीं जुन्या पद्धतीची उपासना, नंतर नव्या पद्धतीची. पुण्या-मुंबईस हें चालूं शकतें. लहान गांवांत याचा परिणाम असा होतो कीं, आजी आठ वाजतां देवळांत जाते आणि नातू अकरा वाजतां. आजीचीं पदें नातवाच्या कानांवर पडत नाहींत, नातवाचा उत्साह आजीच्या दृष्टीस पडत नाहीं, आणि मंडळी एकाच छपराखालीं दोन होतात. सुरांचा वाद म्हणून जो आरंभीं क्षुल्लक दिसतो, तो अशा रीतीनें घराच्या उंबऱ्यापर्यंत येऊन पोंचतो.

यासाठीं प्रथम 'जुनें' कशास म्हणावें तें पाहिलें पाहिजे. मराठी ख्रिस्ती गाण्याची सर्वांत जुनी थोर कृति म्हणजे फादर टॉमस स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण'. हा इंग्रज जेसुइट १५७९ सालीं गोव्यास आला आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें हें काव्य रोमन लिपींत छापून प्रसिद्ध झालें. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. स्टीफन्सपाशीं युरोपांतील लॅटिन स्तोत्रांचें भांडार होतें. तरीहि त्यानें ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी निवडली. लोकांनीं जुनीं पुराणें सोडलीं तर त्यांच्या कानांस तशाच घडणीचें दुसरें कांहीं तरी दिलें पाहिजे, हें त्यानें ओळखलें होतें. गोमंतकांतील चर्चमधून रविवारीं व सणावारीं हें पुराण वाचलें व गाइलें जात असे. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज सत्तेनें देशी भाषा तीन वर्षांत सोडण्याचा हुकूम काढला आणि या परंपरेस ओहोटी लागली. गोव्यांतील चर्चच्या शाळांतून मुलांना युरोपीय संगीताचें शिक्षण मिळत असे. त्यांतून कसलेले वादक व गायक निर्माण झाले, आणि गोमंतकीय कुटुंबांना व्हायोलिन व लॅटिन मिस्सा हेंच आपलें जुनें संगीत वाटूं लागलें. म्हणजे ज्याला त्यांचे वंशज आज परंपरा म्हणतात, तिच्याहि मागें एक मराठी परंपरा उभी आहे.

घाटावरची हकीकत वेगळी आहे. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले उपदेशक १८१३ सालीं मुंबईस उतरले; १८३१ सालीं अहमदनगर हें त्यांचें ठाणें झालें. त्यांनीं इंग्रजी स्तोत्रांचीं मराठी भाषांतरें केलीं व करविलीं, आणि तीं विलायती चालींवर गाइलीं जाऊं लागलीं. हेतु शुद्ध होता. पण भाषेच्या अडचणी हेतूस जुमानीत नाहींत. इंग्रजी स्तोत्राची एक फार प्रचलित घडण म्हणजे आठ व सहा अवयवांच्या ओळी आळीपाळीनें येणें. त्यांत पहिल्या अवयवावर जोर नसतो, दुसऱ्यावर असतो. मराठी शब्द अशा आघातावर चालत नाहीं; त्याचा जीव ऱ्हस्व-दीर्घांत आहे. 'कृपा' हा शब्द त्या चालींत सहज बसतो. पण 'देव' हा शब्द बसविला तर जोर शेवटल्या अक्षरावर पडून त्याचा 'देवा' होतो, आणि जेथें देवाविषयीं बोलावयाचें तेथें देवाला हांक मारल्यासारखें होतें. 'पाप' या शब्दाची गत तर याहून विनोदी. शिवाय हीं स्तोत्रें चार निरनिराळ्या स्वरपंक्ति एकदम गाण्यासाठीं रचलेलीं असतात. शिकलेला गायकवृंद असेल तर तीं भव्य वाटतात. पण खेड्यांतील मंडळी वरची एकच पंक्ति गाते, आणि सोबत्यांवांचून ती पंक्ति ओकीबोकी वाटते. दोष चालीचाहि नाहीं आणि गाणाऱ्यांचाहि नाहीं. एकाचा अंगरखा दुसऱ्याच्या अंगांत घातला आहे, इतकेंच.

याच्या उलट अभंगाची रचना पाहावी. मोठ्या अभंगांत सहा, सहा, सहा व चार अक्षरांचे चरण. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांचें यमक जुळतें आणि चौथा आंखूड चरण श्वास घेण्यास जागा देतो. एकानें म्हणावें, बाकीच्यांनीं मागून म्हणावें, ध्रुपद सर्वांचें. त्याला पुस्तक लागत नाहीं, अक्षरओळख लागत नाहीं, स्वरलिपि लागत नाहीं. ज्या काळीं अहमदनगर जिल्ह्यांत गांवकुसाबाहेरच्या वस्त्यांतून शेंकडों कुटुंबें ख्रिस्ती झालीं आणि त्यांतील बहुतेकांनीं पाटी हातांत धरली नव्हती, त्या काळीं ही गोष्ट केवळ सोयीची नव्हती, तिच्यावांचून मंडळीची उपासना मुकीच राहिली असती. याच गरजेंतून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ख्रिस्ती कीर्तन निघालें. पूर्वरंग, उत्तररंग, मध्यें पदें, आख्यान मात्र बायबलांतील. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचें नांव या कामीं आदरानें घेतलें जातें.

यानंतर आले नारायण वामन टिळक. १८६१ सालीं दापोली तालुक्यांतील करजगांवीं जन्मलेल्या या कवीनें १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला आणि पुढें अहमदनगरास राहून मराठी ख्रिस्ती मंडळीस तिचें स्वतःचें गाणें दिलें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांपाशीं आलों, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. त्यांनीं रचलेल्या भजनांची व पदांची संख्या शंभरांहून कितीतरी अधिक भरेल. १९१७ सालीं मिशनची वेतनी चाकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास 'देवाचा दरबार' उभा केला. १९१९ सालीं ते वारले. त्यांचें अपुरें राहिलेलें 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीं तडीस नेलें. त्यांचा मार्ग पुढें इतरांनींहि चालविला. जॅक विन्स्लो या इंग्रज धर्मगुरूनें १९२२ सालीं ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. याच विन्स्लोंनीं टिळकांचें इंग्रजी चरित्र लिहून त्यांचें नांव परदेशीं नेलें.

आतां येथें एक गोष्ट विसरली जाते. आज जें भजन 'जुनें' म्हणून वृद्ध उराशीं धरतात, तें एके काळीं धाडसी नवें होतें. टाळ-मृदंगाचा आवाज ऐकूं येतांच पुष्कळ जुन्या ख्रिस्ती कुटुंबांच्या कपाळाला आंठ्या पडत. ज्यांनीं मोठी किंमत देऊन देवळाची वाट सोडली होती, भाऊबंदांचा बहिष्कार सोसला होता, त्यांना देवळांतला ठेका पुन्हां आपल्या प्रार्थनामंदिरांत येणें रुचणें कठीण होतें. त्यांच्या दृष्टीनें विलायती चाल हीच नव्या जन्माची खूण होती. ती भीति पोकळ म्हणून हंसण्यावारी नेण्याजोगी नव्हती. टिळकांच्या पिढीनें तिला उत्तर दिलें तें वादानें दिलें नाहीं. इतकीं सरस पदें दिलीं कीं, संशय घेणारेहि नकळत तीं गुणगुणूं लागले.

मराठी मंडळींतच हें घडलें असें नाहीं. ख्रिस्ती धर्माच्या एकंदर इतिहासांत प्रत्येक 'जुनें' गाणें कधींकाळीं उंबऱ्याबाहेर थांबविलें गेलें आहे. मिलान येथें ३८६ सालीं बिशप अँब्रोज यानें, राजसत्तेचा दाब येत असतां, लोकांचें धैर्य टिकावें म्हणून पूर्वेकडील पद्धतीनें स्तोत्रें गावयास लाविलीं; पश्चिमेस ती नवी रीत होती. तेथील गाणें ऐकून डोळ्यांत पाणी आलेल्या संत ऑगस्टीननें पुढें आपल्या आत्मनिवेदनांत मोठ्या प्रामाणिकपणें लिहिलें कीं, गाइलेल्या अर्थापेक्षां गाण्याचाच मोह अधिक झाला तर तो आपल्याला अपराध वाटतो. तरीहि दुबळ्या मनाला भक्तीकडे वळविण्यास गाणें असावें, या मतावर तो येऊन थांबतो. जर्मनींत मार्टिन लूथरनें १५२४ सालीं लोकभाषेंतील स्तोत्रें छापून सामान्य माणसाचें तोंड उघडलें. इंग्लंडांत स्तोत्रसंहितेच्या पद्यांवांचून दुसरें कांहीं गाऊं नये असा दंडक असतां आयझॅक वॉट्सनें १७०७ सालीं स्वतंत्र रचनांचें पुस्तक काढलें, तेव्हां मनुष्यानें रचलेलें गाणें देवापुढें कसें गावें, असा आक्षेप आला. त्याच वॉट्सचीं स्तोत्रें आज जुनीं व पवित्र म्हणून मावळांतहि जपलीं जातात.

रोमन कॅथॉलिक पंथांतील उदाहरण तर आपल्या देशास अधिक जवळचें आहे. १९०३ सालीं पोप दहावे पायस यांनीं चर्चच्या संगीताविषयीं जो आदेश काढला, त्यांत ग्रेगोरियन गायनास अग्रमान दिला. पियानोस चर्चमध्यें मनाई केली आणि ढोल, झांजा यांसारखीं गोंगाटाचीं वाद्यें वर्ज्य ठरविलीं. तो आदेश इटलींतील चर्चमध्यें शिरलेल्या नाटकी संगीतास आळा घालण्यासाठीं होता. परंतु त्याच मापानें मोजलें असतें तर आपला टाळहि दाराबाहेर राहिला असता. साठ वर्षांनीं, १९६३ च्या डिसेंबरांत, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें उपासनेविषयींचें आपलें निवेदन प्रसिद्ध केलें. त्यानें ग्रेगोरियन गायनाचा मान ठेवला, ऑर्गनचा गौरव केला. आणि त्याबरोबरच, ज्या देशांतील लोकांचें स्वतःचें संगीत त्यांच्या धर्मजीवनाशीं निगडित आहे, तेथें त्या संगीतास योग्य स्थान द्यावें असें स्पष्ट सांगितलें. मिस्सा मराठींत होऊं लागली आणि वेदीशेजारीं पेटी-तबला येऊन बसला. इकडे प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकीं अनेक जणी १९७० सालीं नागपुरास एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली, तेव्हां निरनिराळ्या मिशनांच्या गाण्याच्या संवयीहि एका पंक्तीस आल्या.

वाद्यांची गोष्ट याहून मौजेची आहे. मंडळींतील वृद्ध ज्या पेटीला आपली म्हणतात, ती मुळांत युरोपची. अलेक्झांडर दबें या पॅरिसच्या कारागिराच्या नांवावर १८४२ ची हार्मोनियमची सनद आहे. पायानें भाता मारण्याचें तें वाद्य हिंदुस्थानांत आलें, आणि येथें त्याला मांडी घालून बसणाऱ्या गवयाच्या सोयीचें हातभात्याचें रूप मिळालें. तिचे सूर पक्के. त्यामुळें श्रुतींचे बारकावे व मींड तिच्यांतून निघत नाहींत, या कारणास्तव जाणत्यांनीं तिला परकी ठरविलें, आणि १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला आपल्या दालनांतून हद्दपार केलें. ही बंदी १९७१ पर्यंत टिकली. नभोवाणीनें जिला तीस वर्षें बाहेर उभें केलें, ती पेटी त्या सर्व काळांत देवळांतून, भजनी मंडळांतून आणि ख्रिस्ती मंडळ्यांतून सुखेनैव वाजत होती. आणि आज गिटारकडे बोट दाखवून 'हें आपलें नव्हे' असें म्हणणारे तिच्याच आधारानें गातात. लोणावळ्याच्या पावसांत भाता बुरसटतो, तबल्याचें कातडें सैल पडतें, गिटारच्या तारा गंजतात. पाऊस देशी-परदेशी असा भेद करीत नाहीं. भेद माणसें करतात, आणि कालांतरानें तो विसरूनहि जातात.

म्हणून 'हें जुनें आहे' एवढ्यानें गाणें चांगलें ठरत नाहीं, आणि 'हें नवें आहे' एवढ्यानें तें जिवंत ठरत नाहीं. मग कसोटी कोणती लावावी? तीन गोष्टी पाहाव्यात असें वाटतें.

पहिली गोष्ट, गाणें सर्वांना गातां येतें काय? आजकालचीं पुष्कळ नवीं गाणीं एका तयार गायकासाठीं ध्वनिमुद्रणालयांत घडलेलीं असतात. त्यांचे सूर उंच, ठेका आडवळणी, मध्यें वाद्यांच्या लांब जागा. तीं मंडळीस दिलीं कीं पुढें उभे असलेले चार जण गातात आणि बाकीचे उभे राहून ऐकतात. उपासना ही मैफल होते. पण हाच दोष जुन्या पदांतहि येऊं शकतो. एखादा हौशी गवई भजनांत ताना घेऊं लागला म्हणजे टाळकऱ्यांची पंचाईत होते. उलटपक्षीं, नव्या गाण्यांतील एकच ओळ पुनःपुन्हां म्हणण्याची जी रीत वृद्धांना खटकते, ती नामस्मरणाच्या देशांत खटकण्याचें कारण नाहीं. विठ्ठलनामाच्या गजरांत दुसरें काय असतें?

दुसरी गोष्ट, शब्द मराठी आहेत काय आणि ते खरे आहेत काय? या बाबतींत आजच्या भाषांतरित गाण्यांनीं दोनशें वर्षांपूर्वीचीच चूक पुन्हां केली आहे. तेव्हां इंग्रजी स्तोत्राचा सांगाडा मराठी शब्दांवर लादला गेला. आतां इंग्रजी वा कोरियन-अमेरिकी ढंगाच्या गीताचा लादला जातो. वाद्य बदललें, रोग तोच. ज्या तरुणाला नवें गाणें हवें आहे त्यानें भाषांतर सोडून स्वतः रचावें. गिटारवर वाजवावें, पण शब्द आपल्या घरांत बोलल्या जाणाऱ्या भाषेंतले असावेत. त्याचप्रमाणें वृद्धांनींहि ध्यानांत घ्यावें कीं, इंग्रजी शाळेंत शिकलेल्या मुलास टिळकांचे प्रौढ शब्द कळत नसतील तर अपराध त्या मुलाचा नाहीं. शब्दाचा अर्थ ज्यानें सांगावयाचा त्यानें तो सांगितला नाहीं. एखादें पद गाण्यापूर्वीं दोन मिनिटें त्याचा अर्थ उलगडून सांगितला, तर जें पाठांतर वाटत होतें तें काव्य वाटूं लागतें. शाळेंतील प्रत्येक शिक्षकास हा अनुभव आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. वीज नसतां, पुस्तक नसतां, दिवा विझला असतां गाणें उरतें काय? आषाढांतल्या रात्रीं वारा सुटला कीं मावळांतली वीज जाते, हें तेथील माणसांस नवें नाहीं. आजाऱ्याच्या उशाशीं पडदा व प्रकाशयंत्र नेतां येत नाहीं. भर पावसांत छत्र्या धरून माणसें कबरस्तानांत उभीं असतात, तेव्हां ढोलांचा संच तेथें नसतो. जें तोंडपाठ आहे तेंच उपयोगी पडतें. अशा वेळीं कोणी तरी वृद्ध स्त्री थरथरत्या आवाजांत एखाद्या भजनाचें ध्रुपद उचलते आणि बाकीचे तिच्या मागून म्हणतात. ज्या पिढीनें एकहि पद पाठ केलें नाहीं, त्या पिढीस त्या क्षणीं गप्प उभें राहावें लागेल. जुन्या गाण्याची खरी बाजू ही आहे. त्याच्या प्राचीनतेपेक्षां ही फार मोठी आहे. आणि नव्या गाण्यांपैकीं जें कोणतें या कसोटीस उतरेल, तें आपोआप जुन्यांच्या पंक्तीस बसेल.

या संदर्भांत मावळच्या मातींतच एक मोठा ठेवा पडला आहे, त्याकडे दोन्ही पक्षांचें लक्ष गेलें पाहिजे. टिळकांचें काव्य थोर खरें, पण तें एका विद्वान ब्राह्मण कवीच्या वाणींतून आलेलें आहे. मावळ-मुळशीच्या डोंगरांतील बायका जात्यावर बसून जी ओवी म्हणत, ती वेगळी. तिच्यांत सासर-माहेर, भाऊ, लेक, दुःख, देव सर्व एकत्र नांदतें. हेमा राईरकर व मूळचे फ्रेंच असलेले अभ्यासक गी पॉइटवाँ यांनीं १९८० नंतरच्या काळांत या गांवांपासून आरंभ करून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, आणि तो संग्रह पुढें महाराष्ट्रभर वाढत एक लाखांवर गेला. त्यांतील बहुतेक ओव्या रचणारीस लिहितां-वाचतां येत नव्हतें. गिरणी आली, जातें थांबलें, आणि गाणेंहि थांबलें. संग्रह झाला नसता तर त्यांतील कितीतरी ओव्या त्या बायकांबरोबरच गेल्या असत्या. स्टीफन्सनें चारशें वर्षांपूर्वीं ओवी निवडली ती ग्रंथांतली. जात्यावरच्या ओवीला मात्र अजून उपासनेंत पुरतें आसन मिळालेलें नाहीं. हलगी व सनई ज्या घराण्यांतून पिढ्यान्पिढ्या वाजत आली, त्यांपैकींहि कांहीं घरें ख्रिस्ती झालीं. पण त्यांचें वाद्य मंडळीच्या दाराबाहेर राहिलें, कारण जुन्या पक्षाला तें हलकें वाटलें आणि नव्या पक्षाला गांवठी. जुनें कीं नवें या भांडणांत हें तिसरें, सर्वांत जवळचें, कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं.

मग लहान मंडळीनें करावें काय? उपाय मोठे नाहींत. उपासना एकच ठेवावी आणि तींत दोन्हीं प्रकारांस जागा द्यावी. ही जागा कृपा म्हणून देऊं नये, हक्क म्हणून द्यावी. लहान मुलांस महिन्याला एक भजन अर्थासह पाठ करवावें. वर्षाला बारा झालीं, आणि शाळा सुटेपर्यंत मुलापाशीं शंभरांची शिदोरी होते. ज्या वृद्धांना पुस्तकांत नसलेल्या चाली येतात, त्यांचा आवाज तरुणांनीं आपल्या यंत्रांत उतरवून घ्यावा. हें काम तरुणांवांचून दुसऱ्या कोणास जमणार नाहीं, आणि तें करतां करतां त्यांच्या कानांवर त्या चाली आपोआप बसतील. वाद्य कोणतेंहि असो, त्याचा आवाज शेवटच्या बांकावरील माणसाच्या आवाजापेक्षां मोठा नसावा. आणि वर्षांतून एखाद्या सणाला मंडळींतल्याच कोणीतरी रचलेलें नवें मराठी पद गाइलें जावें, मग तें ओबडधोबड कां असेना. टिळकांचीं सर्वच पदें आज गाइलीं जात नाहींत. काळानें चाळून जीं ठेवलीं तींच राहिलीं. चाळण्यासाठीं आधीं कांहीं तरी चाळणींत पडावें लागतें.

संगीत हें माणसांना एकत्र बसविण्याचें साधन आहे. तें त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवूं लागलें, तर सूर कितीहि शुद्ध असले तरी गाणें चुकलेंच म्हणावयाचें. इंद्रायणीच्या खोऱ्यांत पूर्वेकडचा अभंग आणि पश्चिमेकडचें स्तोत्र दीडशें वर्षें शेजारीं राहिलीं आहेत. आतां तिसरा पाहुणा गिटार घेऊन आला आहे. त्याला दाराशीं उभें करून कोणाचें भलें होणार नाहीं, आणि त्याच्यासाठीं घरच्या म्हाताऱ्या माणसांना ओसरीवर बसविल्यानेंहि होणार नाहीं. त्याला आंत घ्यावें, पाटावर बसवावें, आणि दोन अभंग पाठ करावयास सांगावे. त्यानेंहि यजमानास आपलें एखादें गाणें शिकवावें. श्रोतेहो, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती बंधूंचा नाहीं; ज्या ज्या घरांत एक आजी आणि एक नातू आहे, त्या प्रत्येक घराचा आहे.